पत्र कुणाच्या पत्त्यावर?

मंडळी, २६ मार्च २०२२ ला पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली ओलाची विजेवरची स्कूटर पेटली, आठवतंय ना? महिन्याभरात कंपनीने १,४४१ स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या. चांगलंच केलं. पण असं बोलावणं पोचतं कुणाला?

आमच्या कामशेतच्या पुतण्याने जुनी चारचाकी घेतली. वायरिंगच्या दोषासाठी तिला कंपनीने केव्हाच बोलावलं होतं. पत्र गेलं पहिल्या मालकाकडे! डॅशबोर्डखालून जळका वास आला, तेव्हा कुठे आम्हाला कळलं. दुरुस्ती फुकट म्हणे. चिंचवडला दोन खेपा झाल्या, दुकान दोन दिवस बंद राहिलं, ते कोणी मोजायचं?

सदोष गाड्या परत मागवायला लावण्याचा अधिकार २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आला. आरटीओच्या दप्तरी आजच्या मालकाचं नाव असतं. विम्याच्या कागदावर चासी नंबर असतो. विमा उतरवतानाच सांगा ना, बाबा, तुझी गाडी त्या यादीत आहे! एवढं जमत नाही म्हणे. सिग्नल तोडल्याचं चलान मात्र पुतण्याच्याच मोबाईलवर बिनचूक आलं.