पोचपावती कोणी दाखवावी?
रोजगार हमीचा पहिला प्रयोग कै. वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात केला. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने मागणीनंतर १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता देऊ केला. पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान चौथा हिस्सा. रक्कम तुटपुंजी खरी, पण हक्काची. मात्र माण वा जतच्या मजुराने भत्त्यासाठी दाद मागितली, की सुनावणीत प्रथम विचारणा होणार ती तारखेच्या पोचपावतीची. आणि पावती देणे ज्यांच्या हाती, त्यांच्याच विरुद्ध ही तक्रार! पावती देण्याचे कर्तव्य कायद्याने कचेरीवर टाकले होते, मजुरावर नव्हे. तेव्हा पावतीअभावी तक्रार निकालात न काढता, सुनावणी अधिकाऱ्याने ग्रामपंचायतीचे दप्तर आपल्यासमोर मागवावे आणि मागणी आलीच नव्हती हे कचेरीला सिद्ध करावयास लावावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.