बूकमोल : नावाआड झाकलेला वंश

बूकमोल नैसर्गिकपणे वाढत आलेली, तर नीनॉर्स्क ईव्हार ओसेन या एका व्यक्तीने जुळवलेली, म्हणून कृत्रिम : नॉर्वेच्या दोन लेखनप्रमाणांविषयी हा निवाडा इतक्या सहजपणे दिला जातो, की त्याची छाननी करण्याची गरजच कोणाला भासत नाही.

'बूकमोल' म्हणजे ग्रंथभाषा. ग्रंथ कोणाचे, याविषयी नाव मौन पाळते. १३८० पासून १८१४ पर्यंत नॉर्वे डेन्मार्कशी जोडलेला होता. त्या संबंधाच्या अखेरीस लेखनाची भाषा डॅनिश होती, आणि संबंध तुटल्यावरही ती तशीच राहिली. सुशिक्षित नागर वर्गाच्या नित्य बोलण्याच्या आधारे या डॅनिशला टप्प्याटप्प्याने नॉर्वेजियन वळण द्यावे, असा आग्रह क्नूड क्नूडसेन यांनी धरला. १९०७ च्या लेखनसुधारणेने त्या मार्गाला राजमान्यता दिली. डॅनिश 'बोग'चे 'बूक' झाले ते याच सुधारणेत. 'मोल'मधील स्वराचे आजचे वर्तुळांकित चिन्ह १९१७ च्या नियमांनी आले. दुसरीला कृत्रिम ठरवणाऱ्या भाषेच्या नावातच अशी दोन अक्षरे सरकारी नियमांची अपत्ये असावीत, हे विसरण्याजोगे नाही!

१९२९ मध्ये रिक्समोल आणि लान्समोल या नावांच्या जागी बूकमोल आणि नीनॉर्स्क ही नावे आली. तेव्हा पहिलीसाठी 'डॅनिश-नॉर्वेजियन' हे नावही पुढे आले होते. संसदेच्या लागटिंग या विभागात ते अवघ्या एका मताने पडले. 'रिक्समोल' राज्याचा हवाला देत होते, 'बूकमोल' ग्रंथांचा देते. कुळाचा उल्लेख दोन्हींनी टाळला. उलट 'नीनॉर्स्क'मधील 'नव' हे विशेषण प्राचीन नॉर्सच्या संदर्भात कालखंडवाचक असताना त्याचा अर्थ 'नव्याने बनवलेली' असा लावला जातो.

ओसेन यांनीही निवड केलीच. पश्चिमेकडील बोलींना आणि जुन्या रूपांना त्यांनी झुकते माप दिले, हा आक्षेप रास्त आहे. मात्र १८४२ पासून गावोगाव हिंडून जमवलेली सामग्री त्यांनी १८४८ चे व्याकरण आणि १८५० चा कोश यांतून तपासणीस खुली ठेवली. नागर अभिजनांचे बोलणे हाच पाया का, याचे तेवढे उघड समर्थन दुसऱ्या पक्षाकडे शोधावे लागते.

परंपरेचा पुरावा म्हणून इब्सेनचे नाव घेतले जाते. त्याची प्रमुख नाटके पुस्तकरूपाने निघाली ती कोपनहेगनहून. आणि कृत्रिम भाषेत जिवंत वाङ्मय निपजत नाही म्हणणाऱ्यांना २०२३ चे नोबेल मिळवणाऱ्या यून फोस्से यांची नीनॉर्स्कमधील नाटके अजून वाचायची आहेत.