शेत हद्दीने वाचत नाही

कोल्हापूर महापालिका 1972 मध्ये झाली. तेव्हापासून शहराची हद्द 66.82 चौरस किलोमीटरवर आहे तिथेच आहे. हद्दवाढ हवी म्हणणारे शहराच्या कोंडीकडे आणि हुकणाऱ्या निधीकडे बोट दाखवतात. विरोध करणारी गावे म्हणतात की हद्दीत गेलो की घरफाळा वाढेल, आरक्षणे पडतील आणि शेती जाईल. घरफाळ्याची भीती खोटी नाही. मात्र हद्द रोखली म्हणजे शेती राहिली, हा दावा पन्नास वर्षांच्या अनुभवापुढे टिकत नाही. हद्द इंचभर सरकली नाही, तरी पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उचगाव, सरनोबतवाडीत कॉलन्यांमागून कॉलन्या उभ्या राहिल्या. तोडगा म्हणून 2017 मध्ये 42 गावांसाठी नागरी विकास प्राधिकरण आले, तरीही प्लॉटिंग थांबले नाही. म्हणून माझे म्हणणे असे की हद्द कुठे असावी हा वाद शेतीपुरता गौण आहे. कोणत्या मातीवर बांधायचे आणि कोणत्या मातीला हात लावायचा नाही, हे आधी ठरले पाहिजे. ते ठरत नाही तोवर हद्द वाढली काय आणि थांबली काय, नदीकाठची मळी जातच राहणार.

यावर पहिला आक्षेप आकड्यांचा येतो. जिल्ह्याच्या एकूण लागवडीत शहराने गिळलेले क्षेत्र नगण्य आहे आणि सुधारित बियाण्याने, ठिबकने तेवढी तूट भरून निघते, असे सांगतात. या हिशोबात सगळे एकर सारखे धरलेले असतात, आणि चूक तिथेच आहे. 2017 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाचा अंदाज आहे की 2030 पर्यंत शहरवाढ जगातली 1.8 ते 2.4 टक्के पिकाऊ जमीन घेईल, पण ती जमीन जगाच्या सरासरीपेक्षा 1.77 पट उत्पादक आहे. शहरे मुळात पाणी आणि गाळाची माती पाहूनच वसली, त्यामुळे ती पसरताना सर्वांत कसदार जमीन आधी खातात. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी ज्या खोऱ्यात पंचगंगेला मिळतात तिथली जमीन अशीच आहे. शिवाय तिच्यात समाजाचा पैसा आणि पिढ्यांचे कष्ट मुरलेले आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी हाती घेतलेले राधानगरी धरण, राज्यभर गेलेला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आणि कर्ज काढून उभ्या केलेल्या सहकारी उपसा योजना यांमुळे हे शिवार बारमाही झाले. दूरच्या कोरडवाहू तुकड्यावर ठिबक टाकून त्याची भरपाई होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. इथे पिकतो ऊस, आणि साखरेने कुणाची अन्नसुरक्षा होते? गहू तर बाहेरून येतोच. गव्हाबद्दलचे हे म्हणणे मान्य. उसाने पाणी आणि जमीन अडवली, हेही मान्य. पण आज शेतात काय उभे आहे यावरून जमिनीची कुवत ठरत नाही. खोडवा मोडून पुढच्या हंगामात त्याच रानात भुईमूग, सोयाबीन, भात किंवा माळवं घेता येते, आणि उसाच्या सरीत आंतरपीक आजही निघते. काँक्रीट ओतलेल्या गुंठ्याला पुढचा हंगाम नसतो. शिवाय शहराचे ताट केवळ गव्हाने भरत नाही. रेशनचे धान्य गोदामात महिनोन्‌महिने राहते, मेथीची पेंडी मात्र दुसऱ्या दिवशी माना टाकते. गंगावेशच्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढून फेसाळ दूध पेल्यात देतात. ती म्हैस आसपासच्या शिवारातल्या उसाच्या वाड्यावर आणि ओल्या वैरणीवर जगते. शिवार दहा-वीस मैल मागे हटले की वैरण महागते, गोठा मोडतो, आणि ताजे दूध व भाजी आधी गरिबाच्या घरातून जाते. अन्न देशात असणे वेगळे आणि ते परवडेल अशा भावात दारी येणे वेगळे. शहराची अन्नसुरक्षा या दुसऱ्या गोष्टीवर उभी आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे, कारण तो शेतकऱ्याचा आहे. शेती परवडत नाही, मुलीचे लग्न आहे, दवाखान्याचे बिल आहे. जमीन माझी, मग विकायची की नाही हे सांगणारे तुम्ही कोण? या शेतकऱ्याला दोष देणे अन्यायाचे होईल. पण त्याच्या विक्रीनंतर शिवारात काय घडते तेही पाहिले पाहिजे. बांध मोडतो, मुरमाचा रस्ता पडतो, चुन्याच्या रेषा मारून दगड रोवले जातात. उपशाची पाइपलाइन प्लॉटखाली गाडली जाते, पलीकडच्या शेताचे पाणी तुटते, आणि योजनेचे वीजबिल उरलेल्या सभासदांत वाटले जाते. अशा रीतीने एकाची विक्री शेजाऱ्याला विकायला भाग पाडते. एवढे होऊन कित्येक प्लॉटांवर घर येत नाही. गुंतवणूक म्हणून घेतलेल्या जागेत वर्षानुवर्षे गाजरगवत माजते. त्यामुळे शेती राखली तर घरे महागतील, या भीतीतही फारसे बळ नाही. आज महाग होते आहे ती साठवून ठेवलेली जमीन.

या बाबतीत कायदा आंधळा नाही, पण अर्धवट आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्याचे दहावे कलम खास अन्नसुरक्षेसाठी आहे: बहुपीक बागायती जमीन शेवटचा पर्याय म्हणूनच घ्यावी, असे ते सांगते. मात्र रस्ते, लोहमार्ग यांसारख्या रेषीय कामांना त्यातून सूट आहे, आणि खाजगी प्लॉटिंगला ते लागूच नाही. उलट 2001 च्या गुंठेवारी कायद्याने बेकायदा तुकडे नियमित केले आणि 2021 मध्ये ती मुदत 2020 अखेरपर्यंत आणली. दर नियमितीकरणातून पुढच्या बेकायदा प्लॉटला अभयच मिळते. शक्तिपीठ महामार्गाविरुद्ध जिल्हा रस्त्यावर उतरला, ते योग्यच झाले. पण महामार्ग अधिसूचना काढून जमीन मागतो म्हणून दिसतो. गुंठ्यागुंठ्याने होणाऱ्या विक्रीला अधिसूचना नसते, म्हणून तिच्याविरुद्ध मोर्चाही निघत नाही.

मग करायचे काय? सर्व्हे नंबरनिहाय मातीची प्रत आणि सिंचन पाहून काळी, मळीची, बारमाही जमीन कायमचे कृषिक्षेत्र म्हणून नकाशावर नोंदवावी आणि वाढ मुरमाड माळावर व शहराच्या आतच वळवावी. ही रीत कोल्हापूरला नवी नाही. शिवाजी विद्यापीठ 1962 मध्ये सागरमाळावर उभे राहिले आणि विमानतळही उजळाईवाडीच्या माळावर झाला. पूररेषेतल्या शेतांना तर दुहेरी मोल आहे. 2019 आणि 2021 च्या महापुरात पाणी पसरायला जी जागा मिळाली ती हीच होती. तिथे टाकलेला प्रत्येक भराव दुसऱ्या कुणाच्या तरी घरात पाणी ढकलतो. मात्र शेतकऱ्यावर फुकटचे बंधन लादून हे साधणार नाही, आणि साधू नये. आरक्षणाच्या बदल्यात विकास हक्क, म्हणजे टीडीआर, देण्याची पद्धत राज्यात रुळलेली आहे. तोच हक्क जमीन शेतीत राखणाऱ्याला द्यावा आणि माळावर व शहरात मजले चढवणाऱ्याला तो विकत घ्यायला लावावा. म्हणजे शहराच्या वाढीतून आलेल्या पैशाचा वाटा शेती सोडणाऱ्याऐवजी शेती राखणाऱ्याला मिळेल.

हद्दवाढीचा निर्णय कधीतरी होईल, कोणत्याही बाजूने होईल. त्याआधी दोन्ही बाजूंनी एकत्र येऊन ही एक मागणी केली पाहिजे: मातीचा नकाशा आधी, हद्दीचा नंतर. शहरवाल्याला त्यात स्वस्त भाजी आणि कमी पूर आहे, गाववाल्याला राखलेल्या शेताचा रोख मोबदला आहे. ज्या मागणीत दोघांचेही हित आहे ती लांबणीवर टाकण्याचे कोणतेही सबळ कारण कोल्हापूरपाशी नाही.