गाण्याला टाळ्या, गाणाऱ्याला बंद दार

‘कलेला जात नसते’ हे वाक्य उच्चारले नाही असा वक्ता आमच्या वाङ्मयीन व्यासपीठांवर विरळाच. ते ऐकून आम्हीही अनेक वर्षे माना डोलावल्या. हे वाक्य अर्धसत्य आहे आणि सोयीचे आहे म्हणूनच टिकले आहे, असे आता आमचे स्पष्ट मत झाले आहे. साक्षीला एका ख्रिस्ती गायकवृंदाचा दौरा घेऊ.

अमेरिकेतील यादवी युद्धानंतर, १८६६ साली, नॅशव्हिल येथे मुक्त झालेल्या गुलामांसाठी फिस्क विद्यालय उघडले. पाच वर्षांतच ते कर्जात रुतले. तेव्हा तेथील खजिनदार व संगीतशिक्षक जॉर्ज व्हाइट यांनी ६ ऑक्टोबर १८७१ रोजी नऊ विद्यार्थ्यांसह, चर्चमधून व सभागृहांतून गाऊन निधी जमवण्यासाठी प्रस्थान ठेवले. त्यांतील बहुतेक जण गुलामगिरीतच जन्मलेले. बायबलात दासमुक्तीचे म्हणून सांगितलेल्या पन्नासाव्या वर्षावरून वृंदाने ‘ज्युबिली सिंगर्स’ हे नाव घेतले. आईबापांनी दास्यात गायिलेली भजने चारचौघांत गाण्यास ही मुले प्रारंभी संकोचत. ती त्यांना पवित्र होती आणि जुन्या जखमेची आठवणही होती. पण तीच भजने ऐकून ब्रुकलिनच्या प्लिमथ चर्चमधील गौरवर्णीय भाविक भारावले. १८७३ मध्ये इंग्लंडात राणी व्हिक्टोरियानेही ती ऐकली.

आणि याच गायकांना दौऱ्यात हॉटेलवाले खोली नाकारीत होते! स्वर हवा, गळा नको. असा हा न्याय.

कोणी म्हणेल, श्रोत्यांनी हात सैल सोडला नाही काय? सोडला. पहिल्या दौऱ्यात सुमारे २०,००० डॉलर जमले. पुढे याच वृंदाच्या कमाईतून ज्युबिली हॉल उभा राहिला. काही भाविकांनी आपली घरेही उघडली. त्यांचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु ती माणुसकी व्यक्तींची होती, रीत जागची हलली नाही. हॉटेलांतील भेदभावाविरुद्ध १८७५ साली झालेला कायदा सर्वोच्च न्यायालयाने १८८३ साली मोडीत काढला. तसा कायदा पुन्हा होण्यास १९६४ साल उजाडावे लागले. टाळ्यांना जे साधले नाही, ते अखेर कायद्याला करावे लागले.

हे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ सालीच आपली ‘गुलामगिरी’ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी जनांना अर्पण केली, ती देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा म्हणून. आम्ही काय गिरवले? लग्नात हलगी सर्वांत आधी वाजते आणि हलगीवाल्याचे पान सर्वांत शेवटी पडते. देवळांतून ज्यांच्या गाण्यावाचून उत्सव साजरा होत नसे, त्या गायिकांच्या लेकीबाळींची नावे घेताना प्रतिष्ठितांचा आवाज खाली येई. आम्ही स्वतः सरकारी सेवेत असताना सांस्कृतिक कार्यक्रमांच्या निवासयाद्यांवर सह्या केल्या आहेत. शास्त्रीय गायक विश्रामगृहात, लोककलावंत शाळेच्या वर्गात सतरंजीवर. त्या सहीचे समर्थन आम्हांस आज करता येत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. ‘कलेला जात नसते’ हे वाक्य व्यासपीठावरून उच्चारण्यापूर्वी संयोजकांनी तीन गोष्टी तपासाव्यात : मानधनाची पावती, निवासाची यादी आणि जेवणाची पंगत. तिन्हींत भेद नसेल, तरच ते वाक्य उच्चारण्याचा अधिकार आम्हांस पोहोचतो.