एकच वाद्य : घरासाठीं आणि रंगमंचासाठीं

गडचांदूरहून एका वाचकांचें पत्र आलें आहे. त्यांच्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदत आहेत. आजोबांना एकादशीच्या भजनाला साथ हवी. दोन मुली गाणें शिकत आहेत. आणि धाकट्या बंधूंना गणेशोत्सवांतील कार्यक्रमांतून चार पैसे मिळवावयाचे असून, घरच्या घरीं गाणीं मुद्रित करण्याचीही हौस आहे. जुन्या पेटीचा भाता गळूं लागला आहे. तेव्हां ती दुरुस्त न करतां सर्वांसाठीं मिळून एक ‘अरेंजर की-बोर्ड’ घ्यावा काय, आणि घ्यावा तर कोणता, असा त्यांचा प्रश्न आहे. रक्कम सामायिक खर्चांतून जावयाची असल्यामुळें घरांत दोन पक्ष पडले आहेत, हेंही त्यांनीं मोकळेपणानें लिहिलें आहे.

अरेंजर म्हणजे काय, हें प्रथम वडील मंडळींसाठीं सांगतों. डाव्या हातानें दोनतीन पट्ट्या दाबून स्वरसंघ धरला कीं, यंत्र आपण होऊन ठेका, खर्जाचीं वाद्यें व मागचा भरणा वाजवूं लागतें. उजवा हात चाल वाजविण्यास मोकळा राहतो. एका माणसाचा वाद्यवृंद होतो म्हणा ना ! सिनेमांतील गाण्यांना हें फार सोयीचें आहे. परंतु आपल्या रागसंगीतांत स्वरसंघाला स्थानच नाहीं. मुलगी भूप आळवीत असतां यंत्रानें मागून मध्यम किंवा निषाद घुसडला, तर भूप राहिला कोठें ? म्हणून पहिली परीक्षा अशी कीं, ही स्वयंचलित साथ अजिबात बंद करून, सबंध पट्ट्या नुसत्या पेटीप्रमाणें वाजवून पाहाव्या. ज्या यंत्राचा हार्मोनियमचा आवाज त्या वेळीं कानाला खरा वाटत नाहीं, तें आजोबांच्या उपयोगाचें नव्हे.

दुसरी परीक्षा स्वरांची. आणि तीच खरी महत्त्वाची. अलेक्झांद्र दबँ यानें १८४२ सालीं पॅरिस येथें हार्मोनियमचें पेटंट घेतलें. पुढें कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनीं तिला हातभात्याचें रूप दिलें आणि ती आपल्या घरोघरीं आली. पण रेडिओनें तिला १९४० सालीं बाहेर घातलें, तें थेट १९७१ पर्यंत. आक्षेप मुख्यतः दोन होते : तिचे स्वर समविभागी असल्यामुळें आपल्या स्वरांशीं जुळत नाहींत, आणि तिच्यावर मींड निघत नाहीं. सप्तकाचे १२०० सेंट मानले, तर पेटीचा शुद्ध गांधार ४०० सेंटांवर पडतो. तंबोऱ्यांतून ऐकूं येणारा गांधार ३८६ वर असतो. हा चौदा सेंटांचा चढ तयार कानाला खुपतोच.

आतां मौज पाहा. चांगल्या अरेंजरवर बाराही स्वर निरनिराळे सेंटांनीं चढवितां-उतरवितां येतात. या सोयीला ‘स्केल ट्यूनिंग’ म्हणतात. मुलीचा षड्ज काळी चार असेल, तर तेथून मोजून गांधार चौदा व धैवत सोळा सेंटांनीं उतरवावा आणि मागें तंबोरा लावून फरक ऐकावा. स्वर ओढण्यासाठीं डाव्या बाजूस चाक किंवा दांडी असते. तिनें सतारीची मींड साधणार नाहीं, पण बासरीच्या आवाजांत गोड वळण घेतां येतें. म्हणजे ज्या दोषांसाठीं पेटीला तीस वर्षें वनवास घडला, त्यांवर थोडाबहुत उपाय या यंत्रांत आहे. दुकानदार मात्र तो दाखवीत नाहीं. तो ठेक्यांची संख्या सांगत बसतो!

त्या संख्येला भुलूं नये. दादरा-केरवा सर्वत्र मिळतो. रूपक आणि झपताल आहेत काय, हें विचारावें. खंजिरीचें भजन असेल, तर थाप खंजिरीवरच पडूं द्यावी.

रंगमंचाची गोष्ट निराळी आहे. गडचांदूर झाडीपट्टींत मोडत नाहीं. परंतु आपल्याच जिल्ह्याचा पूर्व भाग आणि वैनगंगेपलीकडील वडसा ही झाडीपट्टीच्या रंगभूमीची कर्मभूमि. दिवाळीपासून होळीपर्यंत तेथें रात्ररात्र नाटकें चालतात. याच रंगभूमीच्या सेवेबद्दल परशुराम खुणे यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. तेथील साथीदार नटाकडे पाहून वाजवितो. नटानें स्वर लांबविला तर तो थांबतो. टाळी पडली तर पुन्हां मुखड्यावर येतो. ‘मानापमान’ला १९११ सालीं चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः निष्णात पेटीवादक होते, तीच ही साथीची विद्या. यंत्राचा ठेका कोणासाठीं थांबत नाहीं. धाकट्या बंधूंना नाटकांची कामें मिळवावयाचीं असतील, तर त्यांनीं ठेका बंद करून साथ करण्याची संवय आधीं लावून घ्यावी.

आतां प्रत्यक्ष निवड. एकसष्ट पट्ट्या असाव्या आणि त्या हलक्या-जड बोटाप्रमाणें आवाज देणाऱ्या असाव्या. यामाहाचें पी.एस.आर. आय-५०० हें भारतीय आवाज व ठेके घालून काढलेलें मध्यम यंत्र घरास पुरेसें आहे. त्याच कंपनीची एस.एक्स. माला आणि कॉर्गची पी.ए. माला धंदेवाईकांसाठीं, किंमत कैक पटींनीं अधिक. रोलंडचें एक्स.पी.एस.-१० आवाजांसाठीं पुष्कळ वादक वापरतात, पण तें अरेंजर नव्हे, हें पैसे मोजण्यापूर्वीं ध्यानांत ठेवावें.

मुद्रणासाठीं यंत्रांतून तार थेट संगणकांत न्यावी. मग कुकरची शिटी आणि अंगणांतील मुलें गाण्यांत उमटत नाहींत. कानांवरील ध्वनियंत्रही तारेचेंच घ्यावें. बिनतारी साधनांत आवाज किंचित् उशिरा येतो आणि वाजविणाऱ्याचा ताल बिघडतो. लहान यंत्रांपैकीं कांहीं सेलवर चालतात. वीज जाणाऱ्या गांवीं ही सोय मोठी आहे. सिमेंटच्या गांवांत धूळही पुष्कळ, आणि ती पट्ट्यांखालीं गेली कीं स्वर मुके होतात. तेव्हां जाड आच्छादन हवेंच. जुनें यंत्र घेत असाल, तर प्रत्येक पट्टी हळू आणि जोरानें अशी दोनदां वाजवून पाहावी, आणि बिघाड झाल्यास तें चंद्रपुरास दुरुस्त होतें कीं नागपूर गांठावें लागतें, याची चौकशी करावी.

आमचें मत विचाराल, तर जुनी पेटी मुळींच काढूं नये. भाता दुरुस्त करण्याचा खर्च नव्या यंत्रापुढें क्षुल्लक असतो, आणि भजनाची व मुलींच्या पाठाची सोय तिनेंच होईल. सामायिक पैशांतून मध्यम यंत्र घ्यावें. पण तें सामायिकच राहावें. काकांचें म्हणून कपाटांत बंद झालें आणि मुलींनीं हात लावला कीं ओरडा बसला, असें होऊं नये. उद्यां त्यांतलीच एखादी रंगमंचावर साथीला बसेल. मोठें यंत्र धाकट्या बंधूंनीं पहिल्या एकदोन हंगामांच्या मिळकतींतून स्वतः घ्यावें. तोंपर्यंत कोणत्या सोयी खरोखर लागतात, हेंही त्यांना कळून आलेलें असेल.