ॲप कुठे कोसळतं, हे तुम्हाला दिसतं

भारतात व्हिडिओ स्ट्रीमिंग सेवा देणाऱ्या सर्व कंपन्यांच्या प्रमुखांना,



मी तालुक्याच्या गावी मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. फुटलेल्या स्क्रीनचे, चार्जिंग न होणारे फोन येतातच. पण हल्ली गिऱ्हाईक धडधाकट फोन पुढे करतं आणि विचारतं, "मालिका लावली की ॲप आपोआप बंद पडतंय. फोन गेला का?" बहुतेक वेळा फोनला काही झालेलं नसतं. ॲप मात्र बंद पडताना कारण सांगत नाही, म्हणून माणूस फोनला दोष देतो आणि नव्या फोनच्या हप्त्याची चौकशी करू लागतो. नको असलेला हा खर्च थांबवणं तुमच्या हातात आहे.

अशा वेळी मी आधी फोन बंद करून सुरू करतो. मग स्टोरेज पाहतो. ते गच्च भरलेलं असेल तर ॲपला तात्पुरत्या फायली ठेवायलाही जागा उरत नाही. नंतर प्ले स्टोअरवरून ॲप अपडेट करतो आणि त्यासोबत 'अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू'सुद्धा. ॲपच्या आत वेबपान दाखवणारा हा भाग ग्राहकाच्या कधी नजरेलाही पडत नाही. मार्च २०२१ मध्ये त्याच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातल्या अँड्रॉइड फोनवर जीमेलसकट अनेक ॲप कोसळत होती. गूगलने दुरुस्त आवृत्ती दिली, तेव्हा ती सावरली. दोष त्या ॲपचा नव्हता, फोनचाही नव्हता; पण हे सामान्य माणसाला कोण सांगणार?

एवढ्यानेही भागलं नाही तर कॅशे पुसतो. 'क्लिअर डेटा'ला सहसा हात लावत नाही, कारण त्याने लॉगिन जातं आणि ऑफलाइन बघायला उतरवून ठेवलेले भागही जातात. मदत मागणाऱ्याला मात्र पुष्कळदा पहिलाच सल्ला मिळतो, "ॲप काढून पुन्हा टाका." त्यातही हेच नुकसान होतं, आणि रोजच्या मोजक्या डेटातून सगळं पुन्हा उतरवावं लागतं.

मी हे सगळं अंदाजाने करतो. तुम्हाला अंदाज बांधायची गरज नाही. माहिती पाठवायला संमती दिलेल्या फोनवरचे क्रॅश गूगलच्या 'अँड्रॉइड व्हायटल्स'मध्ये तुम्हाला दिसतात: फोनचं मॉडेल कोणतं, अँड्रॉइडची आवृत्ती कोणती, कोडमध्ये कुठे अडलं. गूगलने मर्यादाही घालून दिली आहे. रोजच्या वापरकर्त्यांपैकी एकूण १.०९ टक्के किंवा एकाच मॉडेलवर ८ टक्के लोकांना क्रॅशचा अनुभव आला, तर ॲपची कामगिरी वाईट धरली जाते. म्हणजे एखाद्या मॉडेलवर शंभरातल्या सात जणांचं ॲप रोज कोसळलं, तरी त्या मॉडेलची मर्यादा ओलांडली जात नाही. कमी रॅमचे, जुने फोन घेऊन माझ्या दुकानात येतात ते या सात जणांपैकी. पैसे त्यांनीही पूर्ण भरलेले असतात.

म्हणून काही मागण्या करतो. ॲप कोसळल्यावर पुन्हा उघडताच, कारण कळलेलं असेल तर ते मराठीत एका ओळीत सांगा: जागा कमी आहे, वेबव्ह्यू जुना आहे, किंवा या मॉडेलवर आमच्याकडून अडचण आहे. नवं अपडेट आधी दोन-तीन जीबी रॅमच्या फोनवर तपासा. प्ले स्टोअरवर ते थोड्याथोड्या लोकांना देण्याची आणि बिघाड दिसताच थांबवण्याची सोय आहे, ती वापरा. ॲप काढायला सांगण्याआधी काय काय पुसलं जाईल ते सांगा. आणि चूक तुमची असेल तर सेवा बंद राहिली तेवढे दिवस वर्गणीत वाढवून द्या.

हे मी उपकार म्हणून मागत नाही. पैसे घेऊन दिलेल्या सेवेतली उणीव ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये तक्रारीचं कारण ठरते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मी आता गिऱ्हाइकांना सांगतो. पण दीडशे-दोनशे रुपयांसाठी कोणाला तक्रार घेऊन फिरायला लागावं, असं मला वाटत नाही. कोणत्या मॉडेलवर ॲप अडतंय आणि दुरुस्ती कधी येणार, याची यादी तुमच्या मदतीच्या पानावर लावा. ती मी दुकानात छापून लावेन. फोनमध्ये दोष नसेल तेव्हा गिऱ्हाइकाला ते खात्रीने सांगता येईल आणि त्याचे नव्या फोनचे पैसे वाचतील.

कळावे,
आपला,
एक मोबाइल दुरुस्ती कारागीर