जुनी गाडी घेताना हीटर तपासावा, विकताना ऐब सांगावा

थान उलगडून, उजेडात धरून सुताचा दोष पाहिल्याशिवाय आपला कापड व्यापारी भाव बोलत नाही. तोच व्यापारी जुनी मोटार घ्यायला गेला की रंग, टायर आणि किलोमीटरचा काटा पाहून बयाणा देऊन मोकळा होतो. फार तर एसी लावून पाहतो. हीटरचे बटण कोणी फिरवीत नाही. ‘आपल्या मुलखात हीटर हवा कशाला?’ असे उलट विचारले जाते. आम्हाला हा विचार मान्य नाही.

एक तर हीटरची गरज पडतेच. निफाड भागात थंडीत पारा दहा अंशांच्या खाली येतो. लोकरी मालासाठी लुधियाना आणि ब्लँकेटसाठी पानिपत गाठणाऱ्यांना तिकडची पहाट ठाऊक आहे. पावसाळ्यात घाटात काचेवर धरलेली वाफ घालवायलाही गरम हवा कामी येते. पण खरे कारण वेगळे आहे. हकीम जसा नब्ज पाहून आतला आजार ओळखतो, तशी हीटर ही इंजिनाची नब्ज आहे.

हीटरसाठी पेट्रोल-डिझेल गाडीत सहसा वेगळी शेगडी नसते. इंजिन थंड ठेवणारे जे पाणी, म्हणजे कूलंट, फिरत असते, त्यातलेच थोडे गरम पाणी डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून जाते. पंखा त्यावरून हवा फेकतो आणि ती गरम होऊन आत येते. म्हणून हीटर मंद असेल, तर पाणी कमी आहे, पाणी फिरत नाही, पाणी तापत नाही किंवा हवेची वाट बंद आहे, या चारपैकी एक गोष्ट धरावी. यातल्या पहिल्या तीन गोष्टी थेट इंजिनाशी जोडलेल्या आहेत.

तपासणी सोपी आहे. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी पाहावी. गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, उकळते पाणी तोंडावर उडते. पातळी कमी असेल तर गळती कुठे आहे ते विचारावे. नंतर गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून हीटर पूर्ण लावावा. मग पंखा आणि पट्ट्यापासून हात दूर ठेवून, इंजिनाकडून डॅशबोर्डमागे जाणाऱ्या दोन रबरी नळ्या जपून चाचपाव्यात.

दोन्ही नळ्या चांगल्या गरम, तरी हवा थंड, तर दोष हवेच्या वाटेत असतो. आतली झडप, तिची तार, नव्या गाड्यांत तिची छोटी मोटर किंवा तुंबलेला फिल्टर पाहावा. खर्च कमी-जास्त होईल, पण इंजिनाला धोका नाही. एक नळी गरम आणि दुसरी कोमट, तर छोटा रेडिएटर गाळाने तुंबला आहे किंवा त्याचा व्हॉल्व्ह उघडत नाही. दोन्ही कोमट आणि तापमानाचा काटाही वर चढत नाही, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला आहे किंवा कोणी तो काढूनच टाकला आहे. गाडी उभी असताना हवा थंड आणि रेस दिल्यावर गरम, तर पाणी कमी आहे, आत हवा अडकली आहे किंवा पंप थकला आहे. पायाखालचा गालिचा ओला, काचेवर चिकट वाफ आणि गोडसर वास, तर छोटा रेडिएटर गळतो आहे. गळती कुठेच दिसत नाही, तरी पाणी घटते, सायलेन्सरमधून पांढरा धूर सतत येतो, ऑइल दुधाळ झाले आहे, तर हेड गॅस्केटचा संशय धरून सौदा तिथेच थांबवावा.

आता मिस्त्री बांधवांशी दोन शब्द. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणे हा इलाज नव्हे. साधारण ८० ते ९० अंशांवर उघडणारी ही वस्तू इंजिनाला योग्य तापमानावर ठेवते. ती काढली की इंजिन थंड राहते, इंधन जास्त जाते, झीज वाढते, आणि मूळ रोग तसाच राहतो. कूलंटऐवजी नळाचे पाणी भरल्याने गंज आणि क्षार साचतात. गळती बंद करणारी पावडर टाकली, तर तीच बारीक नळ्यांत अडकून हीटर बंद पाडू शकते. आणि गळका हीटर वगळून दोन्ही नळ्या एकमेकींना जोडायच्या, गिऱ्हाईकाला मात्र काही सांगायचे नाही, याला दुरुस्ती म्हणत नाहीत. घेणाऱ्याने बॉनेट उघडून हा जोड आहे का, तेही पाहावे.

हे आम्ही आवर्जून लिहितो, कारण गॅरेजची कारागिरी आपल्या कितीतरी घरांची रोजी आहे. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातही मुस्लिम कामगारांत स्वतःच्या धंद्यावर जगणाऱ्यांचे प्रमाण मोठे असल्याची नोंद आहे. ज्याच्या मागे पगार नाही, पेन्शन नाही, त्याची पुंजी म्हणजे त्याची साख. एक लपवलेला जोड चार जणांत बोलला जातो, आणि बदनामी एका मिस्त्रीची न राहता सगळ्या गल्लीची होते.

इमाम अबू हनीफा हे कूफ्यातले कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने ऐब असलेले कापड न सांगता विकले, तेव्हा इमामांनी त्या मालाची सगळी रक्कम खैरात केली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. लपवलेला ऐब निघाल्यास माल परत करण्याचा हक्क फिकहने गिऱ्हाईकाला दिला आहे, त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. थानाला जो नियम, तोच मोटारीला.

म्हणून आमची सूचना साधी आहे. विकणाऱ्याने हीटर, एसी, गळती, बदललेले भाग, सर्व काही एका कागदावर लिहून द्यावे. घेणाऱ्याने त्या कागदावर भाव ठरवावा. हीटर बिघडलेली गाडी विकणे गुन्हा नाही. दोष सांगून हजार-दोन हजार कमी घेतले, तर तो सौदा पाक राहतो आणि गिऱ्हाईक पुन्हा त्याच दारी येते.